दीपमालाचा सेटअप

दीपमाला बनसोडे चौगुल्यांच्या ऑफिसात लागली तेव्हा चांगली कामं आधीच वाटली गेली होती. सांगलीच्या गणपती पेठेत, हळदीच्या एका गोदामाच्या माडीवर जयकुमार चौगुल्यांची छोटीशी कंपनी होती. खालून हळदीची पूड उडायची आणि वरच्या कंप्युटरांच्या कळांवर पिवळी झाक धरायची. तिथं ‘लेखनिक’ नावाचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम तयार व्हायचा. छापखानेवाले, वकील, साप्ताहिकं काढणारे असे कोल्हापूरपासून खंडाळ्यापर्यंतचे लोक तो विकत घ्यायचे. ऑफिसात कुणी अक्षरांची वळणं काढत होतं, कुणी छपाईचा भाग लिहीत होतं. उरला होता तो सेटअप, म्हणजे फ्लॉपीवरून प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढवणारा भाग. तो एकदाच चालायचा आणि नंतर त्याची कुणाला आठवणही राहायची नाही. त्यामुळे तो कुणालाच नको होता, आणि शेवटी आलेल्या माणसाच्या वाट्याला गेला.

दीपमालाला मात्र त्यात कमीपणा वाटला नाही. वाट्याला आलेलं काम नीट करायचं, ही तिची जुनीच सवय. ती कडेगावजवळच्या एका खेड्यातली. वडील आप्पासाहेब फौजेतून हवालदार होऊन परतलेले, आई बायडाबाई घर आणि थोडी शेती बघणारी. टायपिंग आलं की कुठल्याही कचेरीत मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते, असं आप्पासाहेबांचं ठाम मत होतं. म्हणून दहावीच्या सुट्टीतच त्यांनी तिला विट्याच्या टायपिंग क्लासात घातलं. परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला आलेल्या मशीनची एक कळ अडकत होती. तिने दुसरं मशीन मागितलं, ते मिळालं नाही, आणि ती नापास झाली. पुढच्या खेपेला ती आदल्या दिवशीच केंद्रावर जाऊन बसली. क्लासची मशीनं टेंपोतून उतरवली जात असताना तिने आपलं मशीन तपासून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या श्रेणीत सुटली. पुढे सांगलीत राहून पदवी आणि कंप्युटरचा कोर्स केला, तेव्हा सोबतच्या मुली इंग्रजी स्पेलिंगच्या आधाराने मराठी लिहीत. दीपमालाची बोटं मात्र टायपरायटरच्या कळांवरूनच चालायची. शिकलेल्या बोटांना दुसरं वळण लावणं किती जड जातं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

‘लेखनिक’मध्ये दोन्ही सोयी होत्या. टायपरायटरचा कीबोर्ड होता आणि इंग्रजी उच्चारावर चालणाराही होता. आधी एक कळ दाबली की एकातून दुसऱ्यात जाता यायचं. पण ती कळ चुकून दाबली जाते आणि मजकुराचा चिवडा होतो, अशा तक्रारी यायला लागल्या. म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या नव्या आवृत्तीत ती कळ काढून टाकायचं आणि कुठला कीबोर्ड हवा ते सेटअपनेच एकदा विचारायचं, असं ठरलं. दीपमालाने तसं करून दिलं. दिलेलं उत्तर ‘लेखनिक’ मशीनवरच्या एका फाइलीत लिहून ठेवायचा.

दसऱ्याच्या आसपास साताऱ्याहून चौगुल्यांना फोन आला. पोवई नाक्याजवळ नानासो शेडग्यांचा छापखाना होता. वडिलांच्या वेळी तो खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं हाताने जुळवण्याचा होता, आता कंप्युटर आणि ऑफसेट आला होता. टायपिंगच्या एकाच मशीनवर दोघेजण काम करायचे. सकाळी अल्लाबक्ष, जो नानासोंच्या वडिलांच्या हाताखाली खिळे जुळवून जुळारी झाला, मग मराठी टायपरायटर शिकला आणि उतारवयात कंप्युटरवर आला. जेवणानंतर बिराप्पा, जतकडचा तरुण, लग्न होऊन साताऱ्यात स्थिरावलेला, इंग्रजी उच्चारावरून झरझर टाईप करणारा. नवी आवृत्ती चढवताना नानासोंनी बिराप्पाला विचारून कीबोर्ड निवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लाबक्षने लग्नपत्रिका लिहायला घेतली तर पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली.

त्यावर त्यांनी काय उपाय काढला, तेही नानासोंनीच सांगितलं. सकाळी अल्लाबक्षसाठी फ्लॉप्या घालून सेटअप पुन्हा चालवायचा आणि दुपारी बिराप्पासाठी आणखी एकदा. दर वेळी अल्लाबक्षचे छोटे शब्दही पुसले जात. पत्रिकेतल्या ठरलेल्या ओळींसाठी त्याने दोन-दोन अक्षरांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. दोन अक्षरं मारली की ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही अख्खी ओळ उमटायची. ते सगळं त्याला रोज पहिल्यापासून भरावं लागत होतं. शेवटी नानासो म्हणाले, की एका घरात दोन चुली आता पुरे. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. तोवर काही जमलं नाही तर बिराप्पाचाच कीबोर्ड कायम राहील आणि अल्लाबक्षचाचा कागद कापायच्या कटिंग मशीनवर जातील.

चौगुल्यांनी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाने आपणच तोड काढली, असं समाधानाने सांगितलं. कटिंग मशीनवर कागदाची जड बंडलं उचलावी लागतात आणि त्या माणसाचं वय झालेलं आहे, हे दीपमालाने त्यांच्या कानावर घातलं. त्यावर चौगुले म्हणाले, “मग ती काढलेली कळ परत घाला. सोपं आहे.”

“कळ घातली तर दोघं एकमेकांचा कीबोर्ड बदलत बसतील, सर. आणि छोटे शब्द? तेही एकाच फाइलीत आहेत. दोन माणसांचं सामान आपण एकाच पेटीत कोंबलंय. चूक आपली आहे.”

चौगुल्यांना चूक हा शब्द आवडला नाही, पण मुलगी हटणार नाही हेही दिसलं. गिऱ्हाइकांसाठी नव्या फ्लॉप्यांच्या प्रती भरायला पाठवायच्या आधी काय करायचं ते करा, असं म्हणून ते खाली हळदीच्या पेढीवर चहाला गेले.

नव्या विंडोजमध्ये सोय होती. मशीन सुरू करताना प्रत्येकाने आपापलं नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा. विंडोज प्रत्येक नावासाठी वेगळा कप्पा ठेवायचं, आणि सगळ्या मशीनचा म्हणून एक सामायिक कप्पा असायचा. दीपमालाने कीबोर्डची निवड आणि छोटे शब्द सामायिक फाइलीतून काढून नावाच्या कप्प्यात नेले. ऑफिसातल्या मशीनवर तीन नावं तयार केली. प्रत्येक नावाने आत जाऊन सेटअप चालवला, प्रत्येकाला वेगळा कीबोर्ड दिला आणि उलटसुलट तपासून पाहिलं. कुणाचं कुणात मिसळत नव्हतं. फ्लॉप्या पिशवीत घालून ती साताऱ्याच्या एसटीत बसली.

साताऱ्यात तिने नानासोंसमोर सेटअप चालवला, अल्लाबक्षला खुर्चीत बसवलं आणि टायपरायटरचा कीबोर्ड निवडला. चाचांनी दोन ओळी लिहिल्या, त्या बरोबर उमटल्या. बिराप्पा त्या दिवशी गावी गेला होता. चाचांनी तिला चहा पाजला, आणि ती समाधानाने परत फिरली.

दुसऱ्याच दिवशी दुपारनंतर नानासोंचा फोन आला. बिराप्पा आला, दीपमालाने ठेवलेल्या फ्लॉप्यांवरून सेटअप चालवून त्याने हवा होता तो कीबोर्ड घेतला, आणि चाचांचा गेला. नानासोंचा आवाज चढलेला नव्हता. उलट त्यांनी समजुतीनेच सांगितलं, की ताई, तुम्ही कष्ट घेतले, आता आम्ही आमच्या परीने निस्तरतो. दीपमालाला त्या समजुतीचाच राग आला. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला अजून काहीतरी आशा असते. समजूत घालणाऱ्याने मनात आपल्याला निकालात काढलेलं असतं.

तिने ऑफिसातल्या मशीनवर पुन्हा सगळं तपासलं. तीन नावं, तीन कीबोर्ड, सगळं जागच्या जागी. इथं चालतं आणि तिथं नाही, तर तिथं काहीतरी असं घडतंय जे इथं घडत नाही, एवढं तिला कळत होतं. चौगुल्यांनी पुन्हा जायला परवानगी दिली नाही. तिने रजा टाकली आणि साताऱ्याला मावशीकडे मुक्कामाला गेली.

सकाळी छापखाना उघडायच्या वेळी ती दारात हजर होती. मी मशीनला हात लावणार नाही, नुसती बसून बघणार आहे, असं तिने सांगितलं. नानासोंनी खुर्ची दिली. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, वडिलांच्या फोटोला हार घातला, ऑफसेटला हळदकुंकू वाहिलं, आणि कंप्युटरजवळ येऊन उदबत्ती ओवाळली. मशीन सुरू केलं. विंडोजने नाव विचारलं तेव्हा स्वतःचं नाव टाईप केलं, बाकीच्यांकडे पाठ करून परवलीचा शब्द दिला, पडद्याला नमस्कार केला आणि बाजूला झाले. अल्लाबक्ष खुर्चीत बसला. जेवणानंतर तो उठला आणि त्याच चालू मशीनवर सेटअप पुन्हा चालवून बिराप्पा बसला. मशीन संध्याकाळी बंद झालं ते नानासोंच्याच हातून.

दीपमालाला सकाळीच उलगडा झाला होता, तरी ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली, कारण खात्री करायची होती. छापखान्यात माणसं तिघं होती, पण मशीनच्या लेखी तिथं नानासो शेडगे सोडून कुणीच कामाला नव्हतं. नावांचे कप्पे तिने कितीही वेगळे केले तरी दोघेही रोज त्या एकाच कप्प्यात हात घालत होते.

तिने नानासोंना हे समजावून सांगितलं. दोघांची वेगळी नावं तयार करू, चाचा उठले की त्यांचं नाव बंद करायचं आणि बिराप्पाने आपल्या नावाने आत जायचं. नानासोंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“न्हाई जमायचं, ताई. ह्या छापखान्यात कामाला सुरवात माझ्या नावानं हुती. आधी वडलांच्या हुती. आन् दिवसाउजेडी मशीनवरचं मालकाचं नाव बंद करायचं म्हंजी दुकानाच्या फळ्या लावण्यागत हाय.”

बिराप्पा कोपऱ्यातून म्हणाला, “मालक, माझं नाव मशीनवर आलं तर तुमची गादी जाईल व्हय?”

“तू गप रं. तुझ्या नावानं सुरू केलं तर गिऱ्हाईक तुझ्या गावापातूर पळंल.”

चाचाही हसले. दीपमाला हसली नाही. तिने चाचांकडे वळून विचारलं, की खिळ्यांच्या काळात जुळाऱ्यांना कामाची हत्यारं कोण द्यायचं. चाचा काही बोलायच्या आत नानासोच सांगू लागले, कारण छापखान्याचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे. खिळ्यांची खणं वडिलांच्या मालकीची. त्यातून सगळे जुळारी खिळे उचलत. पण हातात धरून ओळ जुळवायची ती स्टिक मात्र ज्याची त्याने सांभाळायची. ज्याने त्याने आपल्या हाताला बसेल अशी ती लावून घेतलेली असायची, म्हणून दुसऱ्याच्या स्टिकेला कुणी बोट लावत नसे. एकदा नव्या माणसाने अल्लाबक्षची स्टिक उचलून माप हलवलं, तर वडिलांनी त्याला दिवसभर खिळे धुवायला बसवलं होतं.

“मग चाचांच्या स्टिकेवर त्यांचं नाव होतं म्हणून छापखाना तुमच्या वडिलांचा राहिला नव्हता का?” दीपमालाने विचारलं.

नानासोंनी वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, “सकाळी सुरू मीच करणार.”

“तुम्हीच करा. पूजा करा, तुमच्या नावाने आत जा, नमस्कार करा. मग तुमचं नाव बंद करून चाचांना बसवा. मशीन बंद होत नाही, फक्त माणूस बदलतो.”

नानासोंनी एकदा चाचांकडे बघितलं. चाचा म्हणाले, “मालक, ताई म्हणतीया तर बघू की. माझी बोटं आता नवं शिकायची न्हाईत. शिकली असती तर मी तुमास्नी इतका तरास दिला नसता.” त्यांच्या बोलण्यात विनवणी नव्हती, जे आहे ते त्यांनी सांगितलं होतं. नानासोंनी होकार दिला, पण एक अट घातली. त्यांच्याकडे प्रत्येक नवी आवृत्ती टपालाने यायची आणि ते स्वतः ती चढवायचे. ताई दर वेळी साताऱ्याला धावत येणार नाही. तेव्हा पुढची फ्लॉपी त्यांच्या हातून चढली आणि काही बिघडलं नाही, तरच चाचा खुर्चीत राहतील. बिघडलं तर हंगामात पुन्हा हा खेळ करायची त्यांची तयारी नव्हती.

दोघांची नावं तयार झाली. चाचांनी आपलं नाव हळूहळू टाईप केलं आणि आत गेले. ‘लेखनिक’ उघडला, तर कीबोर्ड इंग्रजी उच्चाराचा होता आणि छोटे शब्द रिकामे. बिराप्पाने मान वळवली.

आता दोष छापखान्याच्या रिवाजाचा नव्हता. तो दीपमालाचा होता आणि तिला तो लगेच दिसला. सेटअप चालवतो तोच माणूस टायपिंगला बसतो, असं तिने धरलं होतं. ऑफिसात तिने प्रत्येक नावाने सेटअप चालवून पाहिला होता, कारण प्रोग्रॅम लिहिणारं माणूस तसंच करतं. पण छापखान्यात सेटअप चालवायचे मालक. सेटअपने विचारलेला प्रश्न मालकाला विचारला गेला आणि चाचांचं उत्तर मालकाच्या कप्प्यात पडलं. चाचांचं नाव तर तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं, म्हणून त्या रिकाम्या कप्प्यात ‘लेखनिक’ने आपल्या मनाने इंग्रजी उच्चाराचा कीबोर्ड धरला. तिने त्या दिवसापुरतं चाचांच्या कप्प्यात हाताने सगळं बसवून दिलं आणि ती नानासोंना स्पष्टपणे म्हणाली, की ही मलमपट्टी आहे, खरा उपाय फ्लॉपीतून येईल.

सांगलीला परत आल्यावर कळलं, की फ्लॉप्या भरायला देण्याची तयारी झाली होती. दीपमालाने चौगुल्यांना त्या थांबवायला सांगितलं. चौगुले वैतागले. एका छापखान्यासाठी सगळी गिऱ्हाइकं खोळंबून ठेवायची का, असं त्यांनी विचारलं.

“एका छापखान्यासाठी नाही. जिथं मालक फ्लॉपी चढवतो आणि टायपिंग दुसरा माणूस करतो, तिथं तिथं हे बिघडणार आहे. आपल्या गिऱ्हाइकांत असं नसलेलं एक दुकान मला दाखवा, मी गप्प बसते.”

चौगुल्यांनी डोळ्यांपुढे गिऱ्हाइकं आणून पाहिली असावीत. इस्लामपूरचे वकील, ज्यांचे कारकून टाईप करत. मिरजेचं साप्ताहिक, जिथं संपादकांना मशीन सुरू करण्यापलीकडे काही येत नसे. ते टेलिफोनकडे गेले आणि फ्लॉप्यांचं काम थांबवायला सांगितलं. मग मागे वळून म्हणाले, “लवकर आटपा. आणि ह्या खेपेला ज्याला काही कळत नाही त्याच्याकडून तपासून घ्या.”

दीपमालाने सेटअप पुन्हा लिहायला घेतला. सगळ्यांचं जे आहे तेवढंच सेटअपने मशीनवर ठेवायचं: खुद्द प्रोग्रॅम, अक्षरांची वळणं, प्रिंटरची जोडणी. आवडीनिवडीचा एकही प्रश्न त्याने विचारायचा नाही, कारण समोर कोण बसलंय ते त्याला ठाऊक नसतं. कीबोर्ड विचारायचा तो ‘लेखनिक’ने, ज्या नावाने माणूस पहिल्यांदा तो उघडेल त्या वेळी, त्यालाच. आणि उत्तर आधीच दिलेलं असेल तर पुन्हा विचारायचं नाही आणि पुसायचंही नाही, मग वरून कितीही नव्या आवृत्त्या चढोत. जुन्या एकत्र फाइलीतल्या छोट्या शब्दांची एकेक प्रत प्रत्येकाला द्यायची, नको ते त्याने आपल्यापुरतं काढावं. प्रोग्रॅम काढून टाकला तरी माणसाचं स्वतःचं सामान तसंच ठेवायचं. सोबतच्यांनी तिला चिडवलं, की सेटअप आता सासूसारखा राहिला नाही, पाहुण्यासारखा झालाय. तिला ते आवडलं, पण तिने काम थांबवलं नाही.

तपासायला तिने खालच्या पेढीवरून धुळा हमालाला बोलावलं. त्याने कंप्युटर कधी जवळून पाहिला नव्हता. त्याला मालक केलं, त्याच्या हातून फ्लॉपी चढवली, आणि मग दुसऱ्या नावांनी स्वतः आत गेली. एकदा गडबड झाली, फ्लॉप्या उलट्या क्रमाने घातल्या गेल्या आणि सेटअप मुकाट थांबून राहिला. आता काय करायचं, ते मराठीत सांगणारी एक ओळ तिने त्यात घातली. धुळाने पुन्हा चढवून पाहिलं आणि या वेळी निभावलं.

फ्लॉप्या टपालाने साताऱ्याला गेल्या. तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना नानासोंचा फोन आला. सकाळची पूजा होऊन त्यांनी फ्लॉप्या चढवल्या होत्या, पण मशीनवर दुसऱ्या कुणाला अजून बसवलं नव्हतं. जे व्हायचं ते ताईच्या समोर होऊ दे, असं त्यांचं म्हणणं होतं. फोन चालू ठेवूनच त्यांनी आपलं नाव बंद केलं. पलीकडे कळा वाजल्या. चौगुले आपल्या टेबलावरून तिच्याकडे बघत होते.

“चाचाच्या नावानं आत गेलो,” नानासो म्हणाले. “काय बी विचारलं न्हाई. सरळ उघडलं.”

“बरोबर आहे. त्यांनी उत्तर आधीच दिलंय. लिहू द्या त्यांना.”

कळांचा आवाज आला, आधी एकेक, मग सलग. नानासोंनी पडद्यावरची ओळ वाचून दाखवली, एका वधूच्या वडिलांचं नाव आणि त्याखाली पत्ता. छोटे शब्द होते का, असं दीपमालाने विचारलं. होते. मग तिने बिराप्पाला बसवायला सांगितलं, आणि त्यानंतर पुन्हा चाचांना. नानासो कुरकुरले, पण त्यांनी केलं. बिराप्पाचा कीबोर्ड बिराप्पाकडे राहिला, चाचांचा चाचांकडे. हे सगळं त्यांच्याच हातून झालं होतं, साताऱ्यात, तिच्या मदतीशिवाय.

“मग आता चाचांचं काय?” तिने विचारलं. हाच प्रश्न विचारायला ती इतके दिवस धडपडत होती.

फोनवरून पलीकडच्या कळा वाजत राहिल्या. “कटिंगला मी दुसरा माणूस बघतो,” ते शेवटी म्हणाले. “आता ठेवा, ताई. चाचानं काम धरलंय, फोनमुळं त्याचं चित्त हालतंय.”

दीपमालाने फोन ठेवला. चौगुल्यांनी भुवया उंचावल्या. तिने फक्त होकारार्थी मान हलवली आणि भरायला द्यायच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.